सोनार, शिंपी आणि कुलकर्णी अप्पा

‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण आज चारचौघांत म्हटली तर तिघांपैकी एखादा तिथे बसलेला निघतोच, आणि मग हसून वेळ मारून न्यावी लागते. म्हणीचा रूढ अर्थ सरळ आहे: हे तिघे जातीनेच लबाड. पण ज्याने त्यांना एका ओळीत बसवले त्याच्या जागी जरा उभे राहून पाहा. तो बहुधा कुणबी असणार. त्याला लुबाडू शकणारे गावात आणखी पुष्कळ होते. वाणी होता, सावकार होता, पाटील तर होताच. मग नेमके हेच तिघे का?

या तिघांकडे आपली वस्तू आपल्याच हाताने सोपवावी लागते आणि पुढे तिचे काय होते ते दिसत नाही, दिसले तरी कळत नाही. सोने मुशीत गेले की त्यात तांबे किती पडले हे सोनारालाच ठाऊक. कापड कातरीखाली गेले की चोळीला किती लागले आणि कतरण म्हणून किती उरले याचा हिशेब शिंप्याच्या तोंडी. आणि जमीन कुलकर्ण्याच्या, म्हणजे गावच्या पिढीजात हिशेबनीसाच्या, दप्तरात मोडी अक्षरांत शिरली की ती कुणाच्या नावावर आहे हे विचारायलाही पुन्हा कुलकर्ण्याकडेच जायचे. वाण्याचा तराजू निदान डोळ्यांसमोर असतो. त्याने दांडी मारली तर भांडता तरी येते. इथे भांडायला पुरावाच हाती नाही. म्हण ऐकायला स्वभावाची वाटते, पण आतून ती तपासता न येण्याची तक्रार आहे.

आता आजचे बघू. १६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला, सुरुवातीला देशातल्या २५६ जिल्ह्यांत. दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांची खूण कोरलेली असते, ती मोबाइलवर टाकली की शुद्धता समोर येते. कुलकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले, मोडी गेली, सातबारा घरबसल्या निघतो. शिंप्याकडे जाणे ब्लाउज शिवण्यापुरते आणि पँट आखूड करण्यापुरते उरले. या तिन्ही बदलांत कुणाच्या मनावर संस्कार करण्याचा कार्यक्रम नव्हता. सोनारांसाठी प्रवचने ठेवली नव्हती. तरी म्हणीतला डंख निघून गेला. कुलकर्ण्याच्या जागी आलेल्या तलाठ्याबद्दल लोक आजही जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखे नाही, पण ते तलाठ्याच्या जातीबद्दल नसते. परीक्षा देऊन कुठल्याही जातीचा माणूस त्या खुर्चीत बसू लागला आणि लोकांना आपोआप कळले की भानगड खुर्चीत आहे.

माझे म्हणणे असे की, माणसाच्या स्वभावाबद्दल म्हणून आपण ज्या म्हणी सांगतो त्यांतल्या पुष्कळशा स्वभावाबद्दल नाहीतच. कुणाच्या हातात काय होते, कुणाला काय तपासता येत नव्हते, कुणाला उलट बोलता येत नव्हते, याबद्दल त्या आहेत. त्यांना स्वभावाचा पुरावा मानले की अन्याय होतो. हा अन्याय फक्त घरातल्या टोमण्यांपुरता राहिलेला नाही, तो आपल्याकडे कायद्याच्या पानांवर झालेला आहे.

आपल्या आजे-पणज्यांना हे कळत नव्हते असे समजू नये. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर उठले आणि बघता बघता ते लोण पुणे-नगर भागातल्या गावोगावी पोचले. सावकारांपैकी बरेचसे मारवाडी आणि गुजर. त्यांच्या ‘जाती’बद्दल शेतकऱ्यांच्या तोंडी तेव्हा काय काय असेल याची कल्पना करता येते. पण दंग्यात लोकांनी हात घातला तो मुख्यतः कर्जरोख्यांना. रोखे द्या म्हणाले, मिळाले तर जाळले आणि घरी गेले. माणसांना इजा त्या मानाने फार थोडी झाली. तोंडाने जात काढणाऱ्या त्याच लोकांना नेमके ठाऊक होते की आपल्याला बुडवतो तो वाचता न येणारा कागद. सरकारलाही ते उमगले असावे. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर झाला पाहिजे अशी तरतूद आली आणि कोर्टाला रोख्याच्या मागे जाऊन खरा व्यवहार काय झाला ते तपासण्याची मुभा मिळाली. सावकाराचा स्वभाव सुधारण्याचे कलम त्या कायद्यात नाही.

याच्या उलट वाटेने गेलेला माणूस म्हणजे हर्बर्ट रिस्ली. १९०१ च्या जनगणनेचा हा आयुक्त. नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची प्रतवारी लावण्यासाठी तो प्रसिद्ध आहे. १९०८ साली हिंदुस्थानच्या लोकांवर त्याने जो ग्रंथ काढला त्यात एक अख्खे प्रकरण जातींवरच्या म्हणींना दिले आहे आणि मागे परिशिष्टात त्यांची यादी जोडली आहे. नाकाची मापे आणि म्हणी एकाच पुस्तकात! वाचताना आधी हसू येते. मग लक्षात येते की त्याच्या दृष्टीने त्यात विसंगती नव्हतीच. मोजपट्टीने जातीचे शरीर कळते, म्हणीने जातीचा स्वभाव. गावातल्या एकाने दुसऱ्याला चिडून मारलेला टोमणा साहेबाच्या वहीत गेला आणि तिथे त्याचे शास्त्र झाले. टोमणा मारणारा कोण, त्या दिवशी त्याचे काय बिनसले होते, ज्याला मारला त्याने उलट काय ऐकवले, यातले काही वहीत गेले नाही.

रिस्लीच्या आधी ३७ वर्षे हाच विचार कायद्यात उतरला होता. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. त्याच्या समर्थनार्थ मांडलेला युक्तिवाद आज वाचला तर मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. या देशात विणकराचा मुलगा विणकर होतो, सुताराचा सुतार होतो, तेव्हा पिढीजात गुन्हेगारही असणारच, आणि त्यांची मुले तोच धंदा करणार. बाप तसा बेटा. खाण तशी माती. या म्हणी आपण लग्नाच्या बोलण्यांत सहज टाकतो. तिथे इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याच समजुतीवर माणसांच्या याद्या केल्या. यादीत नाव आले की हजेरी द्यायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. जन्मलेल्या मुलाने काही करण्याआधीच तो त्या जमातीचा, म्हणजे नजरेखालचा. १९११ च्या कायद्याने हे जाळे मुंबई इलाख्यापर्यंत पसरले. सोलापूरची ‘सेटलमेंट’, म्हणजे या जमातींना ठेवण्याची वसाहत, त्यातूनच उभी राहिली. आजही सोलापुरात हा शब्द परका नाही. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत अशा १४ जाती आहेत. पण १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा वेगळा कायदा केला आणि पोलिसांच्या नजरेने जुनीच माणसे त्यात बसवली. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालांकडे जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही.

खेड्याच्या व्यवहारावर ‘गावगाडा’ हे पुस्तक लिहिणाऱ्या, महसूल खात्यातल्या त्रिंबक नारायण आत्र्यांइतके गाव बारकाईने पाहिलेला माणूस मराठीत दुर्मीळ. बलुत्याचा व्यवहार, खळ्यावर होणारी कुणब्याची लूट, हक्कदारांची मागणी, सगळे त्यांनी पैशा-पायलीच्या हिशेबाने मांडले. कोण कुणाकडून किती घेतो हे दाखवले की स्वभावाची भाषा निम्मी गळून पडते, ती त्या पुस्तकात गळून पडलेली दिसते. त्याच आत्र्यांनी ‘गुन्हेगार जाती’ या नावाचेही पुस्तक लिहिले. म्हणजे शेतकऱ्याच्या बाबतीत ज्यांना व्यवस्था दिसली, त्यांनाही फिरस्त्यांच्या बाबतीत जात दिसली. कारण उघड आहे. शेतकरी त्यांच्यासमोर कचेरीत येऊन आपली कहाणी सांगू शकत होता. फिरस्त्याला पोलिसांनी धरून आणलेले असे.

आणि हे सगळे जुने झाले म्हणावे तर ३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समोर येतो. तुरुंगांत कैद्यांना जातीवरून कामे वाटली जातात, या विरोधात सुकन्या शांता या पत्रकार महिलेने याचिका केली होती. न्यायालयाने अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांतले असे नियम रद्द केले, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितले. या निकालात उद्धृत झालेले नियम मुळातून वाचावेत. पश्चिम बंगालच्या नियमावलीत रात्रपहाऱ्यावर नेमायचा कैदी, पळून जाण्याची उपजत ओढ असलेल्या वर्गातला, उदाहरणार्थ भटक्या जमातींतला, नसावा असे म्हटले होते. २०२४ साली! भटक्याचा पाय थाऱ्यावर राहत नाही, ही गावकऱ्याची समजूत सरकारी छापील पानावर नियम म्हणून टिकून होती. फिरणे हा त्या लोकांचा पोटापाण्याचा मार्ग होता; मीठ, घोंगड्या, दळणाची जाती, पाटे, औषधी मुळ्या घेऊन ते जिथे गिऱ्हाईक तिथे जात. आगगाडी आली, जंगल कायदे आले, तो व्यापार मोडला. धंदा मोडला ही गोष्ट नियमावलीत नाही, ओढ तेवढी आहे.

इथे कुणी म्हणेल, इंग्रजांच्या कायद्याचे खापर बिचाऱ्या म्हणींवर का फोडता? फोडत नाही. म्हण एकटी कुणाला तुरुंगात घालत नाही. पण ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ असे मनात पक्के बसलेल्या समाजात असा कायदा आला तर त्याला फारसा विरोध होत नाही, एवढे मात्र खरे. कायदा परका होता, समजूत घरची होती.

आता तुरुंगातून शाळेत येऊ. शाळेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत म्हणी विचारतात, एमपीएससीतही विचारतात. म्हण पूर्ण करा, योग्य अर्थ निवडा. ‘कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ याच्यापुढे चार पर्याय, त्यात बरोबर पर्याय ‘मूळ स्वभाव बदलत नाही’. दहा वर्षांचे मूल त्याचा गोल काळा करते. त्याने काय शिकले? एक म्हण शिकले हे खरे, पण त्याबरोबर मूळ स्वभाव म्हणून काही असतो आणि तो बदलत नाही, हेही त्याने बरोबर उत्तर म्हणून शिकले. आणि हे कुठे, तर शाळेत, जिचे सगळे कामच माणूस बदलतो या गृहीतावर चालते. त्याच शाळेत मागच्या बाकावरच्या पोराला ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणणारे गुरुजी असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ साली छडी बंद केली आणि मानसिक छळही बंद केला. छडी बऱ्यापैकी गेली. घडा अजून आहे.

मौज अशी की त्याच यादीत चार ओळी खाली ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण असते. तिचा अर्थ: संगतीने स्वभाव बदलतो. कारल्याचा बदलत नाही, बैलाचा बदलतो. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ म्हणजे तर दगडाचासुद्धा बदलतो. यातली खरी कोणती, असे कुठलेही मूल विचारत नाही, कारण प्रश्न एकेका म्हणीवर सुटा येतो. भाषेने या वादाचा निकाल लावलेला नाही. दोन्ही बाजूंची हत्यारे तिने तयार ठेवली आहेत आणि कोणते कधी उचलायचे ते बोलणाऱ्यावर सोडले आहे.

ते कसे उचलले जाते हे पाहण्यासारखे आहे. आपला मुलगा बारावीत आपटला की टाकीचे घाव आठवतात. शेजाऱ्याचा आपटला की बाळाचे पाय पाळण्यातच दिसले होते. आपल्या भावाने दारू सोडून पुन्हा धरली तर नोकरी गेल्यामुळे, संगतीमुळे. मोलकरणीच्या नवऱ्याने धरली तर सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. ली रॉस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या सवयीला शास्त्रीय नाव दिले: दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीचा वाटा विसरतो. मराठीने हे त्याच्या कितीतरी आधी सांगून ठेवले आहे, तेही कमी शब्दांत. ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.’

या म्हणीला मी बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रांगेत बसवतो. ‘नाचता येईना अंगण वाकडे’, ‘चोराच्या मनात चांदणे’, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आणि आपल्या डोळ्यातले मुसळ, या सगळ्या त्याच रांगेतल्या. (कोल्ह्याची आंबट द्राक्षे इसापाकडून आलेली पाहुणी, पण तीही इथे शोभते.) या म्हणी कुठल्या जातीबद्दल, बाईबद्दल, गावाबद्दल नाहीत. मन स्वतःला कसे फसवते याबद्दल त्या आहेत आणि त्या बोलणाऱ्यालाही सोडत नाहीत. माणसाच्या स्वभावाचे काही ज्ञान म्हणींत असेल तर ते इथे आहे. तेव्हा म्हणींत स्वभावज्ञान अजिबात नाही असा माझा दावा नाही. ते ज्या म्हणींत आहे त्या आपण कमी वापरतो, आणि ज्यांत नाही त्या ज्ञान म्हणून वापरतो.

वापराने म्हणीचे काय होते याची दोन उदाहरणे मला फार आवडतात. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ महाराष्ट्रातल्या अर्ध्याअधिक वर्गांच्या भिंतीवर लिहिलेली असेल. भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचे वामनपंडितांनी केलेले हे मराठी रूप. मूळ श्लोकाचा रोख उलटा आहे. वाळूतून एकवेळ तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, सशाचे शिंगही सापडेल, ‘परंतु मूर्खाचे हृदय धरवेना क्षणभरी’. म्हणजे मूर्खापुढे प्रयत्न फुकट आहेत, हे सांगायला घातलेली ती अतिशयोक्ती. लोकांनी चौथी ओळ टाकून दिली, पहिली ठेवली, आणि माणसाच्या हाती काही नाही सांगणाऱ्या श्लोकातून माणसाच्या हाती सगळे आहे असे घोषवाक्य काढले. पंडितांना हा अपराध वाटतो. मला ही गेल्या तीनशे वर्षांतली एक उत्तम संपादकीय दुरुस्ती वाटते.

दुसरे उदाहरण उलट्या दिशेचे. ‘शुद्ध बीजापोटी फळे रसाळ गोमटी’ हे आता घराण्याचे प्रमाणपत्र झाले आहे. नेत्याच्या मुलाला तिकीट मिळाले, गायकाच्या मुलीने मैफल गाजवली, की सत्काराच्या भाषणात ही ओळ ठरलेली. तुकोबांच्या अभंगात पुढे काय आहे? मुखी अमृताची वाणी, कारणी वेचलेला देह, गंगाजळासारखे चित्त. वर्णन सज्जनाचे आहे, वंशाचे नाही. आणि हे लिहिणारा माणूस ‘बरे देवा कुणबी केलो, नाही तरी दंभेंचि असतो मेलो’ म्हणणारा आहे. त्याच्याकडून कुळाच्या शुद्धतेचा दाखला मिळवणे हे धाडसच. वामनपंडितांची ओळ लोकांनी मोकळी केली, तुकोबांची कोंडली. दोन्ही वेळा ओळ तीच राहिली, तिचे काय करायचे हे घेणाऱ्याने ठरवले.

बायकांच्या स्वभावावरच्या म्हणींचे पान उघडले तर लवकर मिटावेसे वाटते, पण एक वाक्य टाळता येत नाही, कारण ते आजही सुशिक्षित घरांत, टीव्ही मालिकांत आणि पोलिस ठाण्यांतसुद्धा सर्रास चालते: बाईच बाईची वैरीण असते. जणू बाईपणात जन्मतःच काही विष आहे. सासूचे घरात स्थान कशावर होते? मुलावर आणि कमरेच्या किल्ल्यांवर. जमीन नवऱ्याची, मग मुलाची. तिच्या नावावर काही नाही. सून आली की त्या दोन्ही गोष्टींना वाटेकरी आला. अशा दोन माणसांना एका चुलीपाशी पंचवीस वर्षे बसवा, पुरुष असले तरी भांडतील; भाऊबंदकीचे दावे पाहा ना, दिवाणी कोर्टे त्यांनीच भरली आहेत, पण ‘पुरुषच पुरुषाचा वैरी’ असे कुणी म्हणत नाही. ‘लेकी बोले सुने लागे’ आणि ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ या म्हणी या बाबतीत जास्त प्रामाणिक आहेत. पहिली सांगते की सुनेला सरळ बोलायची आणि सुनेने सरळ उत्तर द्यायची सोय नव्हती. दुसरी सांगते की सत्ता एकच आहे, ती फक्त हात बदलते. महाराष्ट्राने १९९४ साली वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, देशाने २००५ साली. ज्या घरांत हा हक्क कागदावरून प्रत्यक्षात उतरला, म्हणजे बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली गेली नाही, तिथे या म्हणींचे काय होते ते पुढच्या पिढीला दिसेल. आणि बायकांना बायकांबद्दल काय वाटत होते हे जाणून घ्यायचे असेल तर जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. लाखाच्या वर ओव्या नोंदवून झाल्या आहेत. त्यांत सासुरवास आहे, तशी जात्याला हात लावणारी मैत्रीण आहे, माहेरची आई आहे, नणंदेची थट्टा आहे. वैरिणींचा एवढा गोतावळा पहाटे एकत्र दळत बसला नसता.

मग या म्हणींचे करायचे काय? डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. योग्यच होता, आपला पत्ता लिहिताना कुणाला स्वतःची जात लिहावी लागू नये. त्याच चालीवर जातिवाचक म्हणीही पुस्तकांतून, कोशांतून काढून टाकाव्यात असा सूर निघतो. इथे मात्र मी थांबतो. वस्तीचे नाव माणसाला दररोज वागवावे लागते. कोशातली म्हण कुणाला चिकटत नाही. मॅन्वेरिंग या मिशनऱ्याने १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह काढला, दाते-कर्व्यांनी १९४०च्या दशकात वाक्संप्रदायाचा कोश दोन भागांत केला. या संग्रहांत सगळ्यांनी सगळ्यांना दिलेले टोले आहेत, ‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ यासह. ते पुसले तर कुणी कुणाला काय काय म्हणत होते याची साक्षच गेली. उद्या कुणी उठून ‘आमच्या गावात तेव्हा गुण्यागोविंदाने नांदत होते’ म्हणाला तर त्याला दाखवायला काय राहील? एखाद्याच्या तोंडावर त्याच्या जातीची म्हण फेकणे ही गोष्ट निराळी. तो अपमान आहे आणि त्यासाठी कायदे आहेत. जुने आहे, आमच्या आजीची म्हण आहे, ही सबब तिथे चालू नये.

गाळण्याच्या मागणीत दुसरीही एक गफलत आहे. म्हण गेली म्हणून समजूत जात नाही. ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ हे काही पाटी-पुस्तकातून आलेले नाही. महाराष्ट्राने दप्तरदिरंगाईविरुद्ध कायदा केला, कुठल्याही कर्मचाऱ्याने फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त अडवू नये असे त्यात लिहिले, तो लागू होऊन किती वर्षे झाली, आणि म्हण ठणठणीत आहे. माझ्याच मांडणीला हा अडथळा नाही का? नाही, कारण कायद्याचे कलम म्हणजे व्यवस्था नव्हे. फाइल अडली तर अडवणाऱ्याचे काय जाते, हा खरा प्रश्न. पासपोर्टच्या बाबतीत ते बदलले. वेळ ठरलेली, अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसते, आणि तिथे ‘बाबू लोकांचा स्वभावच असा’ हे वाक्य बरेच कमी ऐकू येते. बाबू तेच आहेत.

आणि आपली वस्तू डोळ्यांआड जाण्याची गोष्ट संपलेली नाही, फक्त हात बदलले आहेत. आजच्या काळाने ती जुनी म्हण पुन्हा जुळवली तर पहिल्या जागेवर बिल्डर बसेल यात मला शंका नाही. आयुष्यभराची पुंजी त्याच्या हाती द्यायची आणि मग सात वर्षे कुंपणाबाहेरून अर्धवट खांब मोजायचे. सुपर बिल्ट-अप म्हणजे नेमके किती, हे मोडी वाचण्याइतकेच अवघड होते. २०१६ च्या रेरा कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या केली, गिऱ्हाइकांच्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवायला लावली. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्प तपासता येतो. म्हणजे पुन्हा तेच, हॉलमार्कचेच तत्त्व. दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेसाठी मात्र चुरस आहे: खाजगी हॉस्पिटलचे बिल आहे, आपल्या फोनमधली सगळी माहिती घेऊन कर्ज देणारी ॲप आहेत. या सगळ्यांना ‘लोकच लबाड झालेत’ म्हणून सोडून देणे म्हणजे सोनाराला शिव्या घालत मुशीकडे न बघण्यासारखे आहे.

शाळेपुरते बोलायचे तर मागणी लहान आहे. म्हणीच्या पुढे ‘अर्थ’ असा एकच रकाना असतो, तिथे आणखी दोन असावेत: कोण कुणाला म्हणतो, आणि ज्याला म्हटले तो काय उत्तर देईल. सुनेला लेकीच्या आडून बोलले तर सून काय म्हणेल? पालथा घडा काय म्हणेल? मुले असली उत्तरे भराभर देतात, कारण टोमणे खाण्याचा अनुभव त्यांना मोठ्यांपेक्षा ताजा असतो. शिष्यवृत्तीची परीक्षा ओएमआर शीटवर होते, तिथे हे मावणार नाही, आणि जे परीक्षेत मावत नाही ते वर्गात घ्यायला वेळ नसतो हे शिक्षकांचे रडगाणे खोटे नाही. तरी मराठीचा एक तास त्यासाठी काढता येईल. त्या तासाला गुण नसले तरी चालतील.